गुंतवळ वाढली की मागचे तीन महिने आठवा

फणीत अडकलेले केस ओढून काढायचे, बोटाभोवती गुंडाळून त्यांची गोळी करायची आणि ती भिंतीच्या कोनाड्यात नाहीतर पत्र्याच्या खाचेत खोचून ठेवायची. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद, उमरी, बिलोली, देगलूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत ही सवय अजून आहे. केस घेणारा गल्लीत आला की साठवलेली गुंतवळ त्याला द्यायची आणि बदल्यात एखादं भांडं, लेकरांना फुगे नाहीतर चार पैसे घ्यायचे. त्यामुळे आपले केस किती जातात याचा अंदाज इथल्या बाईला पक्का असतो. कोनाडा लवकर भरायला लागला, भांग रुंद दिसायला लागला, वेणीचा शेपटा हाताला बारीक लागायला लागला की तिचा जीव धास्तावतो. मग तेलांचा शोध सुरू होतो. शेजारीण माक्याचं सांगते, मोबाइल कांद्याच्या रसाचं सांगतो, निजामाबादची नणंद तिकडची बाटली पाठवते. आठ दिवसांत फरक पडला नाही की दुसरं तेल येतं.

तेल लावूच नका, असं मी म्हणणार नाही. पण आज गळणाऱ्या केसाचं कारण बहुतेक वेळा आजचं नसतं, दोन-तीन महिन्यांपूर्वीचं असतं. घरच्या घरी करता येण्यासारखं जे काही खरं आहे, त्याची सुरुवात हे कारण आठवण्यापासून होते.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातला जिवंत भाग म्हणजे त्वचेखाली काही मिलिमीटर खोल असलेलं मूळ. वर दिसतो तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा. प्रत्येक मुळाचं चक्र स्वतंत्र चालतं. दोन ते सहा-सात वर्षं केस वाढतो, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरते, पुढे साधारण तीन महिने मूळ विसावा घेतं आणि शेवटी तो केस सुटून त्याच जागी नवा उगवतो. कुठल्याही दिवशी शंभरातले ८५ ते ९० केस वाढीत असतात, उरलेले विसाव्यात. त्यामुळे रोज ५० ते १०० केस जाणं हा नेहमीचा क्रम आहे. आठवड्यातून एकदाच डोक्यावरून न्हाणाऱ्या बाईचा त्या दिवशी मोठा गोळा निघतो, कारण अधल्यामधल्या दिवसांचे सुटलेले केसही त्यात अडकलेले असतात. तो गोळा बघून घाबरायचं कारण नाही.

मूळ शाबूत असेल तर केस परत येतो, याचा पुरावा आमच्या भागात घरोघरी आहे. तेलुगू मुलूख इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिरुपतीला केस द्यायला जाणाऱ्या बायका पुष्कळ. पूर्ण डोकं उतरवून आलेल्या बाईला वर्षभरात खांद्याकडे निघालेले केस असतात. मात्र जावळ काढलं किंवा डोकं उतरवलं की केस दाट येतात, ही समजूत खरी नाही. वस्तरा मुळापर्यंत पोचतच नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून नव्याने येणारा केस हाताला जाड लागतो, इतकंच.

आता तीन महिन्यांच्या हिशेबाकडे येऊ. शरीरावर मोठा ताण आला की वाढीत असलेली पुष्कळ मुळं एकदम विसाव्यात जातात. डेंग्यू, विषमज्वर, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, घरातला मृत्यू, झटपट वजन उतरवणं, यांतलं काहीही पुरतं. त्या वेळी केस गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी विसावा संपला की ते सगळे एकदम सुटतात, आणि तोवर ताप विसरूनही गेलेला असतो. डॉक्टर याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. भाद्रपदात तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळलेली बाई मार्गशीर्षात केस गळताना बघते आणि दोष देते नव्या शांपूला. कोविडच्या लाटा ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी घरोघरी केस गळाले, ते याच हिशेबाने.

बाळंतिणीचं वेगळं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस जास्त दिवस वाढीत राहतात, म्हणून त्या काळात वेणी भरदार दिसते. बाळंतपणानंतर ती संप्रेरकं उतरतात आणि साखळून राहिलेले केस तीन-चार महिन्यांनी एकदम जातात. अंगावर पिणारं लेकरू, रात्रीचं जागरण आणि त्यात हा गळता केस, अशा वेळी बाई खचते. तिला कुणीतरी ठामपणे सांगायला हवं, की हे केस जायचेच होते आणि ते परत येणार आहेत. साधारण सहा महिने ते वर्षात बहुतेकींचे येतात. कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे बारीक, उभे राहणारे केस दिसायला लागले की नवी वाढ सुरू झाली असं समजावं. अशा गळतीत जे तेल चौथ्या-पाचव्या महिन्यात लावलं जातं, त्याला यश मिळाल्यासारखं दिसतं. केस त्याच्याविनाही येणारच होते.

पण तीन महिने मागे जाऊनही ताप नाही, बाळंतपण नाही, काहीच सापडत नाही, असंही होतं. अशा वेळी आपल्याकडे पहिला संशय रक्तावर घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. निम्म्याहून जास्त. केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. लोह आणि प्रथिनं कमी पडली की शरीर आधी हृदय, मेंदू, स्नायू सांभाळतं. केसाचा नंबर शेवटी लागतो. लोह कमी असलेल्या प्रत्येकीचे केस गळतातच असं नाही. मात्र केस गळणाऱ्या बाईचं लोह तपासलंच नाही, ही चूक फार होते. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या वर असलं तरी साठवणीतलं लोह तळाला गेलेलं असू शकतं. ते फेरिटिन नावाच्या रक्ततपासणीत कळतं. महिन्याची पाळी जास्त जात असेल तर ती तपासणी टाळूच नये.

रक्त कमी पडण्यामागे आमच्या स्वयंपाकघरातली एक रीत आहे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर बाई बसते. तेव्हा वरणाचं पातेलं खरवडलेलं असतं, भाजीचा रस्सा उरलेला असतो, आणि ती भाकरी, ठेचा, तेल यावर निभावून नेते. त्यात चतुर्थी, एकादशी, सोमवार, नवरात्रीचे नऊ दिवस. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात प्रथिनं नावालाच. उपास श्रद्धेने करा, पण त्या दिवशी शेंगदाणे, दूध, दही, राजगिरा पोटात जाऊ द्या. सगळ्यांच्या मागून जेवायची रीत बदलायला एकही रुपया लागत नाही. वरणातला तिचा वाटा आधी बाजूला काढून ठेवायचा, आणि हे काम घरातल्या पुरुषांनीही करायचं.

लोहाच्या बाबतीत मराठवाड्याजवळ स्वतःचं काही आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर ज्वारीचं ‘परभणी शक्ती’ हे वाण काढलं. २०१८ मध्ये प्रसारित झालेलं हे देशातलं पहिलं पोषणसमृद्ध ज्वारीचं वाण. नेहमीच्या वाणांत किलोमागे लोह ३० आणि जस्त २० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, यात ते ४५ आणि ३२ पर्यंत जातं. नेहमीची ज्वारीही वाईट नाही. अडचण अशी की धान्यातलं लोह शरीरात सहज मुरत नाही, धान्यातलेच फायटेट त्याला धरून ठेवतात. त्यावरचे तोडगे मात्र सोपे आहेत. जेवताना लिंबू पिळायचं किंवा आवळ्याची फोड खायची, क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. मटकी, मूग भिजवून मोड आणायचे. जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही, तासभर थांबायचं. भाकरी खाल्ली आणि लगेच कपभर चहा घेतला, तर भाकरीतल्या लोहाचा मोठा भाग वाया जातो.

अंबाडीची भाजी आमच्याकडे मराठी आणि तेलुगू, दोन्ही घरांत सारख्याच आवडीने होते. आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली तर कढईतलं लोह थोडंथोडं भाजीत उतरतं. अॅल्युमिनियमची आणि नॉनस्टिकची भांडी आली आणि लोखंडी कढई माळ्यावर गेली. ती खाली काढावी. भाजी शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची रीतही याच जातीची, अळिवात लोह भरपूर असतं. फक्त लाडू चाळीस दिवसांनी बंद का करायचे, हे मला कधी कळलेलं नाही. केस तर त्यानंतर गळायला लागतात.

कमतरता ठरली असेल तर नुसत्या आहाराने भरून यायला फार वेळ लागतो. आशाताई आणि उपकेंद्रात लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या घेतल्याने आपला नैसर्गिक उपाय बाटतो, असं मनात आणू नये. शौचाला काळी होते, पोट थोडं जड वाटतं, म्हणून पुष्कळ जणी गोळ्या अर्ध्यात सोडतात. रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. आणि तीन महिने नेटाने घेतल्याशिवाय साठवण भरत नाही.

आता शेजारच्या विदर्भातली गोष्ट, कारण नैसर्गिक म्हणजे निर्धोक ही समजूत तिने पार मोडून काढली. २०२४ च्या डिसेंबर अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस ओढला की हातात यायचा आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. बायका, पुरुष, कॉलेजच्या मुली, कुणीच सुटलं नाही. जानेवारी अखेरपर्यंत १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. मुलींनी कॉलेज सोडलं, लग्नं लांबली, काहींनी लाजेने डोकं पूर्ण उतरवलं. हा खारपाणपट्टा, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला, मग शांपूवर, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथकही येऊन नमुने घेऊन गेलं.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले. विंचूदंशावरच्या कामामुळे जगाला माहीत झालेले हे डॉक्टर मूळचे आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांनी लोकांचं रक्त, लघवी, केस तपासून घेतले आणि घरातले गहूही. सगळीकडे सेलेनियम नेहमीच्या कितीतरी पट जास्त, आणि जस्त कमी. माग रेशन दुकानातल्या, पंजाबातून आलेल्या गव्हापर्यंत गेला, असं त्यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत मांडलं. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याच्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच खूप आहे. ते पिकात उतरतं. तो गहू खाणं थांबल्यावर काही आठवड्यांत केस परत येऊ लागले, पुढे काहींच्या नखांनाही इजा झाली.

सेलेनियम हे आपल्याला लागणारं खनिज आहे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. ४०० च्या वर रोज गेलं तर तेच केस आणि नखं पाडतं. अमेरिकेत २००८ मध्ये चुकीच्या मात्रेचं एक पूरक औषध बाजारात आलं होतं, त्यातून सुमारे २०० जणांना अशीच बाधा झाली. म्हणून केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांच्या वेष्टनावर सेलेनियम, अ जीवनसत्त्व आणि जस्त किती ते वाचावं. दोन कंपन्यांच्या गोळ्या एकदम घेऊ नयेत. अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी केस गळतात. बायोटिनची कमतरता तर साध्या जेवणाऱ्या माणसात क्वचितच असते, आणि ते घेत असताना रक्त दिलं तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

तेलांकडे येऊ. खोबरेल तेल केस उगवत नाही, पण असलेला केस जपतं. २००३ मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. न्हाण्याआधी लावलेल्या खोबरेलामुळे केसातलं प्रथिन कमी धुऊन गेलं, बाकी दोन्हींनी तसं झालं नाही. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनही कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने ते केसाच्या आत शिरतं. तुटणारे केस कमी झाले तर वेणी भरलेली दिसतेच. न्हायच्या आदल्या रात्री किंवा दोन तास आधी लावून धुवायचं. तेल आठ दिवस डोक्यावर ठेवलं तर धूळ चिकटते, कोंड्याची बुरशी त्या तेलावरच पोसते आणि कोंडा वाढला की खाजवून खाजवून आणखी केस जातात.

माका कालव्याच्या कडेला, ओल्या बांधावर आपसूक उगवतो. बारीक पांढरी फुलं, आणि पान चुरलं की रस काळा पडतो. आयुर्वेदात त्याला भृंगराज म्हणून मोठा मान आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याच्या अर्काने केसांची वाढ लवकर सुरू झाली, जास्वंदीच्या पानांचंही तसंच. बायकांवर मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. लावायला हरकत नाही, पण त्यावर वर्ष घालवू नये. कांद्याच्या रसाचं म्हणाल तर बगदादच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये ३८ जणांपैकी २३ जणांवर तो वापरून पाहिला आणि बहुतेकांना गुण आला. पण ती माणसं चाई पडलेली होती, म्हणजे डोक्यावर गोल गोल चट्टे. भांग रुंद होणं हा आजारच निराळा आहे, त्याला ही चाचणी लागू पडत नाही. रोझमेरी तेलाची २०१५ सालची इराणी चाचणी पुरुषांवरची होती, त्यात केसगळतीवरच्या मिनॉक्सिडिल या औषधाच्या २ टक्के द्रावणाइतकाच परिणाम सहा महिन्यांनी दिसला. तुलनेला काहीच न लावणारा गट नव्हता. हे तेल लावायचं तर खोबरेलात थेंबभर मिसळून, कारण नुसतं लावलं तर आग होते. आणि पुडीतली ‘काळी मेहंदी’ ही मेहंदी समजून लावू नका. तिचा काळा रंग पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो आणि त्याने डोळे सुजेपर्यंत त्रास होऊ शकतो.

बोअरच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. साबणाचा पाण्यातल्या कॅल्शियमशी चिकट साका होतो आणि तो केसावर बसतो, केस राठ होऊन फणीत तुटतात. रिठा आणि शिकेकाई यांतले सॅपोनिन असा साका करत नाहीत. आपल्या आज्यांनी शिकेकाई धरली ती अशा पाण्यात टिकली म्हणून. साधा सौम्य शांपूही चालतो, अंगाचा साबण मात्र डोक्याला लावू नये.

धर्माबादच्या लाल मिरचीचा बाजार नावाजलेला. देठ खुडायला बसलेल्या बाया दिवसभर डोकं, नाक, तोंड फडक्याने आवळून बांधतात, त्याशिवाय बसवतच नाही. घाम आणि तिखटाची पूड केसांत मुरते, टाळूची आग होते. फडकं सुती आणि थोडं सैल असावं, घरी आल्यावर आधी डोकं कोमट पाण्याने धुवावं, ओल्या केसांचा अंबाडा घालू नये. रोज त्याच जागी ताणून बांधलेली वेणी, जड गंगावण, शाळेच्या मुलींच्या दोन घट्ट वेण्या, यांनी कपाळाची आणि कानशिलाची रेघ मागे सरकते. वर्षानुवर्षं ताण राहिला तर मूळच मरतं आणि मग कशानेच केस येत नाही. लवकर ओळखलं तर वेणी सैल घालणं एवढाच उपाय पुरतो.

मधला भांगच दरवर्षी रुंद होत असेल, पुढची रेघ जागेवर असेल आणि आई-मावशीलाही तसंच असेल, तर ती अनुवंशिक विरळता. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १९७७ मध्ये तिच्या पायऱ्या सांगितल्या, त्या आजही वापरात आहेत. इथे वरण, अळीव, माका पुरत नाहीत. मिनॉक्सिडिल लावावं लागतं, पहिल्या काही आठवड्यांत गळती थोडी वाढते, फरक दिसायला चार ते सहा महिने जातात आणि सोडलं की मिळालेलं जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते लावायचं नाही. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं, असं असेल तर पीसीओडीचा संशय घ्यावा. थकवा, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, असं असेल तर थायरॉइडचा. चट्ट्यावरची कातडी गुळगुळीत, चकचकीत होत असेल तर डॉक्टरांकडे जायला एक आठवडाही लावू नये.

नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना मागच्या सहा महिन्यांतला ताप, बाळंतपण, ऑपरेशन, सुरू असलेल्या गोळ्या आणि पाळीच्या तारखा एका कागदावर लिहून न्याव्यात, बायोटिन घेत असाल तर तेही लिहावं. त्या दिवशी डोक्याला तेल लावू नये, टाळू नीट दिसत नाही.